देवाजीभाऊंचं बक्षीस

पुंजणा जळून देवाजी बोबाट्याला काय मिळणार होतं, हा हिशेब कोसमटोल्यात कोणी मांडलाच नाही. मांडायचा कशाला? कापून, भारे बांधून, शेतात रचून ठेवलेलं धान ज्याचं जळालं तो बुडाला, आणि ज्याने जाळलं त्याला सोडायचं नाही, एवढं गणित गावाला पुरेसं होतं. शिवाय देवाजी म्हणजे माजी उपसरपंच, तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, नाट्य मंडळाचा अध्यक्ष, आणि शंकरपटाच्या शर्यतीत बैल कोणाचेही धावले तरी अध्यक्ष हाच. इतक्या खुर्च्यांवर बसणाऱ्या माणसाचं नुकसान झालं की हळहळायला सगळ्यात आधी कोण पोचतो याची गावात चढाओढ लागते. ती लागली. हळहळून झाल्यावर गावाने एकमताने ठरवलं की आग त्याच्या पुतण्याने, मिथुनने लावली.

फायद्याचा रकाना तेवढा कोरा राहिला. तो भरायला चंद्रपूरहून हर्षा निमसरकार आली, आणि गावाला ते मुळीच आवडलं नाही.

हर्षा सव्वीस वर्षांची. चंद्रपुरात टायरच्या दुकानावर तिची एक खोली होती, दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी. येणारी कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, आधीची एखादी सोडचिठ्ठी दडवलीय का, ज्या नोकरीच्या जोरावर हुंडा ‘घेत नाही’ म्हणतात ती नोकरी खरी आहे का. गिऱ्हाइकं जिना चढताना इकडेतिकडे बघत, आणि उतरताना जास्तच. तिच्या धंद्याची त्यांना लाज वाटे आणि तिच्या अहवालाची घाई असे. चार वर्षांत तिने जिल्ह्यातली इतकी इभ्रतदार घरं मागच्या दाराने पाहिली होती की पुढच्या दारावरची तोरणं आता तिला दिसेनाशी झाली होती.

रुखमाबाई, मिथुनची आई, जिना चढून आली ती मात्र कोणाकडे न बघता. नवरा गेलेला, शेत थोडं, मुलगा एक. तो पोलीस भरतीत निवडला गेलेला. पळून झालं, लेखी झालं, डॉक्टरी झाली, आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. आणि नेमकं तेव्हाच थोरल्या दिराने, देवाजीने, ठाण्यात अर्ज दिला की पुतण्याने माझा पुंजणा जाळला. ठाणेदाराने अर्ज ठेवून घेतला होता. मंगळवारी जबाब घेऊन गुन्हा नोंदवणार होता.

“गुन्हा लागला का पोट्ट्याची वर्दी गेली,” रुखमाबाई म्हणाली. “खोटा ठरेल तवा ठरेल. तोवर भरती कोणासाठी थांबते काय?”

थांबत नाही, हे हर्षालाही ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. गावात त्या दिवशी नाटक होतं. झाडीपट्टीत नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. वडशाची नाटक कंपनी ठरवली की गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे उतरतात, लेकी-जावई येतात, लग्नाची पोरं-पोरी एकमेकांना दाखवली जातात, आणि पडदा वर जाण्याआधी निम्म्या सोयरिकी अर्ध्या जमलेल्या असतात. गावात चूल पेटली नाही असं घर नव्हतं, आणि नाटक सुरू झाल्यावर माणूस उरलं असं घर नव्हतं. फक्त मिथुन शेतावर मचाणावर होता. रानडुकरं नाटक पाहत नाहीत. तिसऱ्या अंकात शेताकडे उजेड दिसला. लोक धावले तेव्हा मिथुन एकटाच बादलीने पाणी मारत होता. शेजारच्याच बांधीतला, म्हणजे बांधापलीकडच्या तुकड्यातला, देवाजीचा पुंजणा पेटला होता.

आणि त्याच दिवशी सकाळी नळावर चार बायांदेखत काका-पुतण्याचं वाजलं होतं. मिथुनने नाटकाची वर्गणी दिली नव्हती. देवाजीने टोकलं. मिथुन म्हणाला होता, “मोठेबाबा, तुमच्या फोटोसाठी आमी वर्गणी काऊन द्यायची?”

गावाला आणखी काय पुरावा हवा होता?

हर्षा आधी गावभर फिरली. पानठेला, पिठाची गिरणी, समाजमंदिराची पायरी. बाई माणूस डिटेक्टिव्ह आहे हे ऐकून लोक आधी हसले, मग जवळ सरकले, मग न विचारता सांगू लागले. मिथुनचा स्वभाव कसा, मिथुनचा बाप कसा होता, शिकून पोरं कशी उर्मट होतात. हे सगळं तिने अपेक्षेप्रमाणे ऐकून घेतलं. एक गोष्ट मात्र तिला खुपली. प्रत्येक जण बोलता बोलता सांगे की देवाजीभाऊ त्या वेळी नाटकातच होते. माइकवर त्यांचं नाव पुकारलं ना, त्यांनी हिरोइनला बक्षीस दिलं, आणि लगेच बोंब झाली, आग लागली म्हणून.

पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याला तिने विचारलं, की हे तुम्हाला कोणी सांगितलं?

“भाऊच सांगून राह्यले ना सगळ्याले,” तो म्हणाला. “अर्जातही लिवलं म्हणे.”

हर्षाने सुपारी तोंडात टाकली. चोरी झाली तर घरमालक काय चोरीला गेलं ते सांगतो, आपण स्वतः कुठे होतो ते नाही. ज्याचं धान जळालं त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. आणि देवाजी मात्र गावभर, ठाण्यापर्यंत, न मागितलेला हिशेब देत फिरत होता.

तिथून ती शेतावर गेली. मिथुन सोबत होता. उंच, अबोल, पळून पळून वाळलेला. तिच्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. आईने चंद्रपूरहून कोणी रिटायर्ड फौजदार आणला असता तर त्याला बरं वाटलं असतं, हे त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. हर्षाने ते वाचलं आणि सोडून दिलं. पोंभुर्ण्याला तिच्या बापाचीही दोन बांध्यांची शेती होती, आणि जळालेलं धान कसं दिसतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. भरला पुंजणा जळाला की दाणे फुटतात, लाह्या होतात, काळ्या पडतात, पण राहतात. राखेत हात घातला की मुठीत येतात. तिने काठीने राख उकरली. कडेकडेला लाह्या होत्या. मधे, जिथे ढीग सगळ्यात जाड होता, तिथे नुसती राख. भुसभुशीत, हलकी, दाण्याविना.

“मळणी कधी केली यांनी?” तिने विचारलं.

मिथुन म्हणाला की नाटकाच्या आठवड्यातच मशीन आणलं होतं. चार पुंजणे काढले आणि पाचवा राहिला, मशीन बिघडलं म्हणे.

मशीन बिघडलं नव्हतं. पाचवाही निघाला होता. मग तणसाचा, दाणा झडलेल्या पेंढ्याचा, ढीग रचून वरून, बाजूने दाण्याचे भारे लावले होते, जसं लग्नात रुखवताच्या ताटात खाली कागद आणि वर चार करंज्या. पंचनामा करणाऱ्यांनी राखेत बूट घालायचाही त्रास घेतला नव्हता. देवाजीभाऊ म्हणाले भरला पुंजणा, म्हणजे भरला पुंजणा. हर्षाला त्या माणसाबद्दल उरलीसुरली जी भीड होती ती इथे संपली. पुतण्याचं आयुष्य जाळायला निघालेल्या माणसाने स्वतःचं धानसुद्धा जाळलं नव्हतं. जनावरंही खाईनात असं तणस जाळलं होतं.

“पण कायले?” मिथुन म्हणाला. त्याला अजून समजत नव्हतं. “मोठेबाबाले माझं काय पायजे?”

“भरतीच्या प्रतीक्षा यादीत पहिलं नाव कोणाचं आहे?”

मिथुनने पायाने राख सारली. मग हळू आवाजात म्हणाला, “निकेशचं. मोठेबाबाच्या पोट्ट्याचं.” आणि लगेच, जणू हर्षानेच काही घाणेरडं म्हटलं असावं तसं, “भाऊ होय तो माझा. सकाळी संगंच धावतो आम्ही.”

म्हणूनच तर, हर्षा मनात म्हणाली. धावताना मागे राहिलेल्याला पुढच्याची पाठच दिसते. पण निकेशला इतकं सुचलं असेल असं तिला वाटलं नाही, आणि देवाजीच्या घरी गेल्यावर खात्रीच पटली. निकेश ओसरीत पलंगावर पडून मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळत होता. त्याने पाय खाली घेतले नाहीत.

देवाजीने मात्र बसा, बसा केलं. तपासणीस बाई, छान, छान, शहरातल्या लोकांनी आमच्या गावात लक्ष घातलं. मग आडनाव विचारलं. निमसरकार हे ऐकून त्याचं ‘छान’ जरा आखडलं. आत शकुबाईने, त्याच्या बायकोने, चहा केला होता. देवाजीला आणि पोराला कपबशीत आला, हर्षाला कागदी कपात. असला कप घरात ठेवलेला होता, म्हणजे तो नेहमी लागत असणार. हर्षाने तो सावकाश पीत भिंतीकडे पाहिलं.

सगळी भिंत देवाजीची होती. दर वर्षीचं नाटक, दर वर्षीचा रंगमंच, मधे देवाजी, गळ्यात दुपट्टा, शेजारी त्या वर्षीची हिरोइन हात जोडून. एका फोटोत तो एकवीस रुपये देत होता, नोट दिसेल अशी धरून. एकात अकरा. कोण्या वर्षी बहुतेक पोराने फोटो नीट काढला नव्हता, म्हणून त्याने परत मंचावर चढून परत दिले होते. दोन फोटो, तीच नोट, तीच हिरोइन, थोडी वैतागलेली.

“यंदाचा नाही लावला?” हर्षाने विचारलं.

देवाजी म्हणाला की यंदा कुठलं सुख, आगीत सगळं मनातून उतरलं. म्हणाला आणि डोळ्यांना उपरणं लावलं. डोळे कोरडे होते, पण उपरणं वेळेवर निघालं.

दुसऱ्या दिवशी हर्षा वडशाला गेली. नाटकाच्या कंपन्या तिथे एकाला एक लागून. रीता म्हणजे कोसमटोल्यात नाचलेली हिरोइन, नागपूरची, दुपारच्या वेळी कंपनीच्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. नाटकाचं नाव तिला विचारल्यावर आठवेना. सौभाग्यावरचं होतं काहीतरी म्हणाली, यंदा सगळी तीच आहेत. बक्षिसाचं मात्र लख्ख आठवत होतं, कारण पाचशे एक रुपये होते आणि द्यायला कोणी आलंच नाही.

“मंचावर हात जोडून उभी राह्यली मी. माइकवाला पुकारून राह्यला, देवाजीभाऊ, देवाजीभाऊ. कोणीच नाई. शेवटी त्यानंच नोट आणून दिली.” रीताने खडा काढून भिरकावला. “बाई, दहा वर्षं झाली मले या लाइनीत. अकरा रुपये देणारा पण वर चढते. नोट हातात देते, हात सोडत नाई, फोटो काढते, मग उतरते. पाचशे देऊन खाली बसणारा माणूस मी तं पाहिला नाई. आन् तो, त्या गावचा? मागच्या साली एकवीस रुपये दोनदा देले त्यानं मले.”

हर्षा पहिल्यांदा मनापासून हसली. देवाजीने सगळं नीट जमवलं होतं. दिवस बरोबर, कारण गाव नाटकात. भांडण बरोबर, कारण ते त्यानेच काढलं होतं. आपण तिथेच होतो याचा पुरावा माइकवर, हजार माणसांदेखत. नाव कानावर पडलं, लगेच आगीची बोंब झाली, आणि मंचावर कोण चढलं हे आठवायला कोणाला सवड उरली नाही. चुकलं एवढंच की ज्या माणसाने तो पुरावा दिला तो कोसमटोल्याला माहीत असलेला देवाजी नव्हताच. आयुष्यात एकदा त्याने फोटोशिवाय पैसे सोडले, आणि तेवढ्याने तो पकडला गेला.

माइकवाला चैतू गावातलाच. लग्नात, तेरवीत, नाटकात एकच आवाज. त्याने आधी काही आठवत नाही म्हटलं. हर्षाने फक्त विचारलं की नोट तुझ्याकडे कशी आली. चैतूने मान खाली घातली. पडदा उघडायच्या आधीच भाऊंनी चिठ्ठी आणि नोट दिली होती, तिसऱ्या अंकात वाच म्हणाले होते. चिठ्ठीत सगळी पदं होती, माजी उपसरपंच, तंटामुक्ती, नाट्य मंडळ. एकही गाळू नको, असंही बजावलं होतं. आग लावायला निघालेला माणूस, पण बिरुदं मोजून घेतलेली.

“मले का माहीत जी,” चैतू म्हणाला. “मले वाटलं, भाऊ लाजून राह्यले.”

सोमवारी दुपारी हर्षा देवाजीच्या ओसरीवर परत गेली. या वेळी रुखमाबाई आणि मिथुन सोबत होते. शकुबाई दाराआड उभी होती. निकेशने पाय खाली घेतले, आईने डोळे वटारल्यावर.

हर्षाने आवाज चढवला नाही. राखेत मधे दाणा नाही, चिठ्ठी पडद्याआधी दिलेली, मंचावर कोणी चढलं नाही, यादीत मिथुनमागे निकेश. चार वाक्यं. देवाजीने आधी हसण्याचा प्रयत्न केला. लघवीला गेलो होतो म्हणाला. मग गुडघा दुखत होता म्हणाला.

“लघवी का गुडघा, एकच काय ते सांगा भाऊ,” हर्षा म्हणाली. “ठाणेदार दोन्ही लिहून घेणार नाही.”

देवाजीने पोराकडे पाहिलं. निकेशने बापाकडे पाहिलं. त्या पोराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही उमटलं, आणि ते काय होतं हे हर्षाला नीट सांगता आलं नसतं. लाज असती तर बरं झालं असतं.

“तू तं काही करून नाई राह्यला होता,” देवाजी पोरालाच म्हणाला, जणू ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. “यादीत पहिल्या नंबरवर येऊन बसला आन् पडून राह्यला. बापानं नाई करायचं तं कोणी?”

कबुली म्हणायची तर हीच. दारामागे शकुबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मग देवाजीतला अध्यक्ष जागा झाला. त्याने पाय पोटाशी घेतले, उपरणं सारखं केलं, आणि विचारलं, “काय पायजे तुमाले?”

हर्षाला काय पाहिजे होतं हे स्पष्ट होतं. खोटा अर्ज, खोटा पंचनामा, चैतूचा जबाब, रीताचा जबाब. उद्या ठाण्यात जायचं आणि देवाजीवरच गुन्हा नोंदवायचा. तिने ते बोलून दाखवलं. बोलताना तिला बरं वाटत होतं, हे तिने स्वतःशी नाकारलं नाही. अशी माणसं क्वचितच इतकी स्वच्छ हाताला लागतात.

“नाई,” रुखमाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“गुन्हा त्यायच्यावर लागला तरी माझ्या पोराचं नाव त्यात येईन. साक्षीदार म्हणून येईन, पुतण्या म्हणून येईन. कोर्टात तारखा पडतीन.” तिने डोक्यावरचा पदर ओढला. “वर्दी अंगात पडेपर्यंत माझ्या लेकराचं नाव कोणत्याच कागदावर नाई पायजे मले. भाऊजी, तुमी अर्ज मागं घ्या. बस.”

हर्षाने तिला बाहेर नेऊन समजावलं. हा माणूस सुटेल, मोकाट सुटेल, उद्या दुसरं काही करेल. रुखमाबाईने सगळं ऐकून घेतलं.

“तुमी चंद्रपूरले जान ना बाई,” ती म्हणाली. “आमाले याच्याच बाजूच्या बांधीत धानाचा रोवणा करायचा आहे.”

जिना उतरणाऱ्या गिऱ्हाइकांचा तिरस्कार करणं सोपं होतं. या बाईचा करता येईना, आणि त्याचाच तिला राग आला.

अर्ज नुसता मागे घेतला तर देवाजी खोटा पडतो, म्हणून तो मागे घ्यायलाही एक रीत लागली. ती रीत देवाजीनेच सुचवली. मंगळवारी सकाळी तंटामुक्ती समितीची बैठक बसली. पक्षकार असल्यामुळे अध्यक्षाची खुर्ची त्याने त्या दिवसापुरती सोडली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. ठराव असा झाला, की आग कोण्या वाटसराच्या बिडीने लागली असावी. गैरसमज होता, तो दूर झाला. मोठ्या मनाने काकांनी पुतण्याला जवळ केलं. टाळ्या झाल्या. दुपारच्या आत अर्ज मागे गेला. आणि गावची रीत अशी की तंटा मिटला की ज्याच्यावर आळ होता त्याने गावाला जेवू घालायचं, म्हणजे मन निर्मळ झालं असं समजतात. मिथुनच्या मानेची शीर फुगलेली हर्षाने पाहिली. आईने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि ती शीर उतरली. पोलीस खात्यात त्याला पुढे जे शिकवणार होते, त्याचा पहिला धडा त्याने घरच्याच माणसाकडून घेतला.

जेवणावळ पुढच्या रविवारी होती. हर्षा गेली नाही, पण फोटो तिच्या मोबाइलवर आला. मधोमध देवाजी, गळ्यात दुपट्टा, एक हात मिथुनच्या खांद्यावर.

तर शेवटी हिशेब असा झाला. देवाजीचं गेलं ते तणस आणि पाचशे एक रुपये, आणि रुपयांचं त्याला अजून वाईट वाटतं. निकेशचं काही गेलं नाही, त्याच्याकडे जायला काही नव्हतं. मिथुन पुढच्या महिन्यात गडचिरोलीला रुजू झाला. खरं बोलला म्हणून चैतूचा माइक गावाने दुसऱ्याला दिला, आणि रीताच्या कंपनीला पुढच्या सालासाठी कोसमटोल्यातून निरोप गेला नाही. हिरोइन फार बोलते, असं नाट्य मंडळाचं मत पडलं. गाव पोटभर जेवलं आणि मटण मऊ शिजलं होतं असं म्हणालं. बोकड रुखमाबाईचा होता.